विजेचा फोटो: कॅमेऱ्याआधी अंतर बघा

विजेचा फोटो म्हणजे नशिबाचा खेळ, असं बऱ्याच जणांना वाटतं. वीज कधी चमकेल सांगता येत नाही आणि चमकली की डोळ्याचं पातं लवेपर्यंत गेलेली असते, मग बटण दाबायचं कधी? रात्री हा प्रश्नच उरत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवायचा, शटर दहा-पंधरा सेकंद उघडं सोडायचं, ते बंद झालं की लगेच पुन्हा उघडायचं. त्या वेळात समोर वीज चमकली की ती आपसूक फोटोत उमटते. एवढं तंत्र एका संध्याकाळीत हाताशी येतं आणि जुन्या डीएसएलआरवर, सोबत आलेल्या किट लेन्सवरही जमतं.

खरा वेळ लागतो तो वादळ किती लांब आहे, कुठे सरकतंय आणि आपण कुठे थांबायचं हे कळायला. लेन्स कोणती लावायची, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) किती ठेवायचं, फोटो काढत राहायचं की सामान आवरून गाडीत बसायचं, हे सगळं वादळाच्या अंतरावर ठरतं. म्हणून या लेखात कॅमेऱ्याची बटणं जरा उशिरा येतील.

हंगाम कोणता

महाराष्ट्रात विजांचे दोन हंगाम. पहिला वळवाचा, एप्रिलपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. दिवसभर जमीन तापते, दुपारनंतर ढग चढतात आणि संध्याकाळी फुटतात. सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात, म्हणजे नाशिक, पुणे, सातारा, कोल्हापूर भागात समुद्राकडून येणारे दमट वारे आणि पठारावरची कोरडी गरम हवा समोरासमोर येतात, त्यामुळे मे महिन्यातली दुपार तिथे फुकट जात नाही. मराठवाडा आणि विदर्भातही हाच काळ. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागतं आणि मृग ७-८ जूनला. तेवढे पंधरा दिवस बॅटरी चार्ज करूनच ठेवावी.

दुसरा हंगाम परतीच्या पावसाचा. सप्टेंबरच्या शेवटी हस्त लागतो तेव्हापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. मुंबई-ठाण्याकडच्यांसाठी हा जास्त सोयीचा, कारण या दिवसांत वादळं घाटावरून पश्चिमेकडे उतरतात आणि संध्याकाळी पूर्वेचं आभाळ काळं होतं.

मधले जुलै-ऑगस्ट मात्र विसरा. कोकणात आणि घाटमाथ्यावर तेव्हा धो धो पाऊस असतो, पण तो पसरट ढगांचा. वीज तयार व्हायला ढग उंच चढावा लागतो, त्यात बर्फाचे कण आणि गारांसारखे लहान गोळे एकमेकांवर आपटावे लागतात. त्यातून ढगात विद्युतभार वेगळे होतात. आषाढातल्या झडीत हे क्वचितच घडतं.

माझं मत विचाराल तर नवख्या माणसाने ऑक्टोबरात सुरुवात करावी. एप्रिल-मेमध्ये हवेत धूळ असते, चाळीस किलोमीटरवरची वीज त्या धुळीतून तांबूस आणि मळकट दिसते. ऑक्टोबरात पावसाने धुतलेली हवा असते, वाराही वळवाइतका पिसाट नसतो.

वादळ किती लांब

फोटोसाठी चांगलं वादळ पंधरा ते चाळीस किलोमीटरवर असतं. डोक्यावर आलेल्या वादळाचे फोटो काढता येत नाहीत; लेन्सवर पाणी, समोर पावसाचा पडदा, आणि जिवाला धोका. नवीन माणूस वादळाच्या दिशेने गाडी हाकतो. अनुभवी माणूस वादळ ज्या रस्त्याने येणार नाही अशा बाजूला जाऊन त्याच्याकडे तोंड करून थांबतो.

अंतर मोजायची जुनी रीत अजूनही उत्तम आहे. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि तीनने भागायचं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीस सेकंद आले तर वादळ दहा किलोमीटरवर. पंधरा-वीस किलोमीटरच्या पलीकडचा गडगडाट सहसा ऐकूच येत नाही. याचा अर्थ असा, की लखलखाट दिसतो आहे पण आवाज नाही, ही उघड्यावर फोटो काढायची वेळ. आवाज आला, कितीही बारीक का असेना, की आवरायला घ्यायचं. वादळाच्या गाभ्यापासून दहा-पंधरा किलोमीटर बाजूला, वर चांदणं दिसत असतानाही वीज पडू शकते. ढगाच्या वरच्या, ऐरणीसारख्या पसरलेल्या भागातून निघणाऱ्या विजा अशा लांब जातात आणि त्या जास्त जोरदारही असतात. आडव्या विजांची मजल तर विचारूच नका: अमेरिकेतल्या मैदानी प्रदेशावर २२ ऑक्टोबर २०१७ रोजी चमकलेली एक वीज ८२९ किलोमीटर लांब होती, जागतिक हवामान संघटनेने तो विक्रम म्हणून नोंदवला आहे.

थांबल्यावर पुन्हा बाहेर पडायचा नियमही सोपा आहे. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून तीस मिनिटं. मध्ये एकदा गडगडलं की घड्याळ पुन्हा शून्यापासून.

अंधारात नुसत्या डोळ्यांनी वादळाची दिशा कळत नाही. त्यासाठी दोन गोष्टी मोबाइलमध्ये हव्यात. एक, ‘दामिनी’ हे अ‍ॅप. पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने ते तयार केलं आहे. तुमच्याभोवती वीस आणि चाळीस किलोमीटरची वर्तुळं त्यात दिसतात आणि नुकत्याच पडलेल्या विजा वेळेनुसार वेगवेगळ्या रंगांच्या खुणांनी दिसतात. आपल्याला विजा हव्यात त्या दोन वर्तुळांच्या मधल्या पट्ट्यात. आतल्या वर्तुळात खुणा शिरू लागल्या की निघायचं.

दुसरी गोष्ट, हवामान विभागाच्या संकेतस्थळावरची डॉप्लर रडारची चित्रं. मुंबई, नागपूर, गोवा इथल्या रडारवर महाराष्ट्राचा बराच भाग दिसतो. त्यातलं मॅक्स-झेड हे चित्र उघडा. मधल्या नकाशावर पाऊस कुठे आहे ते कळतं, तर वरच्या आणि बाजूच्या पट्टीत ढगाची उंची दिसते. उंची दहा-बारा किलोमीटरच्या वर गेली असेल तर त्या ढगात विजा भरपूर असणार. दोन-तीन चित्रं पाठोपाठ पाहिली की वादळ कुठे सरकतंय ते ध्यानात येतं. विभाग दर तीन तासांनी जिल्हावार तात्कालिक इशाराही देतो. पिवळा, नारिंगी, लाल. तो दुपारीच पाहून ठेवावा. गावाकडे संध्याकाळी रेंज जाते, लाइट जाते, आणि ज्या वेळी रडार हवं त्याच वेळी पान उघडत नाही.

जागा

जागा दिवसाउजेडी बघून ठेवा. एक पूर्वेला तोंड करून, एक पश्चिमेला, जमलं तर दक्षिणेलाही. वादळ कुठल्या बाजूला उभं राहील ते आपल्या हातात नसतं, म्हणून एकच आवडती जागा पकडून बसणाऱ्याला निम्म्या वेळा पाठमोरं आभाळ मिळतं.

चांगल्या जागेला दोन गोष्टी लागतात: समोर खुलं क्षितिज, आणि दोन मिनिटांच्या आत आसरा. दुसरी नसेल तर पहिलीचा उपयोग नाही. आसरा म्हणजे पक्कं, भिंतींचं घर किंवा पत्र्याच्या टपाची, काचा बंद केलेली चारचाकी. वीज गाडीवर पडली तरी बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत उतरते, आतला माणूस वाचतो. आत बसून दाराच्या धातूला हात लावू नये एवढंच. दुचाकी, रिक्षा, एसटीचा उघडा थांबा, शेतातली पत्र्याची शेड, मंदिराचा उघडा सभामंडप, हे पावसापासून आडोसे आहेत, विजेपासून नाहीत. आणि झाड तर नाहीच. विदर्भ-मराठवाड्यात दर उन्हाळ्यात झाडाखाली थांबलेली माणसं आणि बांधलेली जनावरं विजेने मरतात. वीज झाडावर पडते, पण तिथून जमिनीत पसरते आणि जवळच उभ्या असलेल्याच्या एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते.

म्हणून गडावर जाऊ नका. सिंहगडावरून पुण्यावर पडणारी वीज कशी दिसेल, हा मोह समजू शकतो. पण आसपासच्या सगळ्यात उंच जागी लोखंडी ट्रायपॉडशेजारी उभं राहणं याला छंद म्हणत नाहीत. इमारतीची गच्चीही त्याच यादीत.

इथे एक गैरसमज दूर करतो. मोबाइल वीज ओढतो, हे खरं नाही. ट्रायपॉडही लांबून वीज खेचून आणत नाही. वीज कुठे पडेल ते ठरतं उंचीवर, टोकदारपणावर आणि आजूबाजूला तसं दुसरं काही नसण्यावर. मोकळ्या माळावर उंच वस्तू म्हणजे तुम्ही. उकिडवं बसून डोकं गुडघ्यात घातलं की सुटका होते, यावर विसंबू नका. धावत जाऊन गाडीत बसणं बरं.

पुण्याजवळ भिगवणकडे उजनीचं पाणी पसरलेलं आहे, तिथे क्षितिज सपाट आणि पाण्यात विजेचं प्रतिबिंब, दोन्ही मिळतं. पाण्याच्या कडेला उतरायचं नाही, रस्त्यालगत गाडी लावून काच खाली करून काढायचं. नागपूरकरांना फुटाळा, कोल्हापूरकरांना रंकाळा घराजवळ आहे. मुंबईत मरीन ड्राइव्ह किंवा वरळीहून समुद्रावरची वीज मिळते ती मान्सून येण्याच्या दिवसांत. धरणाच्या भिंतीवर मात्र कॅमेरा काढू नका, तिथे मनाई असते आणि रात्री ट्रायपॉड घेऊन फिरणाऱ्याची चौकशी होणारच. शेताच्या बांधावर थांबणार असाल तर संध्याकाळी जवळच्या वस्तीवर सांगून ठेवा. पहिल्या पावसाला साप-विंचू बाहेर पडतात, तेव्हा चप्पल नको, बूट आणि बॅटरी हवी.

सामान

मॅन्युअल मोड असलेला कोणताही कॅमेरा चालतो. ट्रायपॉड जड असावा. हलका असेल तर मधल्या नळीला पिशवी अडकवा आणि ती नळी वर उचलू नका. वळवाचा वारा अचानक सुटतो. रिमोट किंवा केबल रिलीज घ्या, त्याचं बटण दाबून अडकवून ठेवता येतं. कॅमेऱ्यातच इंटरव्हल शूटिंग (आपोआप एकामागून एक फोटो काढायची सोय) असेल तर रिमोटचीही गरज नाही. लेन्सचं हूड लावा, थेंब आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड अडतो. यूव्ही फिल्टर काढून ठेवा. दिव्यांच्या भुतासारख्या हिरव्या सावल्या त्याच्यामुळे येतात.

बाकी जादा बॅटरी, दोन-तीन सुती फडकी, एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी. आठ सेकंदांचा एक फोटो धरला तर तासाला ४५० होतात. एका रॉ फाइलला (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) २५ ते ३० एमबी लागले तर ११ ते १३ जीबी. ६४ जीबीचं कार्ड पुरेल.

एसीच्या गाडीतून किंवा खोलीतून कॅमेरा एकदम दमट हवेत काढला की लेन्सवर वाफ धरते आणि पहिला अर्धा तास जातो. पोचायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी एसी बंद करा.

कॅमेऱ्याची मांडणी

आधी तत्त्व. वीज हा एक फ्लॅश आहे. लग्नात स्टेजवर फोटोग्राफर फ्लॅश मारतो तेव्हा शटर सेकंदाच्या साठाव्या भागाचं ठेवलं काय आणि तिसाव्या भागाचं ठेवलं काय, नवरा-नवरीच्या चेहऱ्यावरचा उजेड बदलत नाही, मागची रोषणाई तेवढी कमी-जास्त दिसते. इथेही तेच. एका चमकीत साधारण तीन-चार झटके त्याच वाटेने येतात आणि सगळं अर्ध्या सेकंदात उरकतं. त्यामुळे शटर किती वेळ उघडं आहे याचा विजेच्या रेषेशी संबंध नाही. रेषा किती उजळ येईल ते ठरवतात अ‍ॅपर्चर आणि आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा). आभाळ आणि जमीन किती उजळ दिसेल, तिथे शटरचा वेळही कामाला येतो. हे डोक्यात बसलं की पुढचे आकडे पाठ करावे लागत नाहीत.

सुरुवात अशी करा. मोड मॅन्युअल. फाइल रॉ. आयएसओ १००. वादळ दहा ते पंचवीस किलोमीटरवर असेल तर अ‍ॅपर्चर एफ/५.६ ते एफ/८. तीस किलोमीटरच्या पलीकडे असेल, मध्ये धूळ असेल, तर एफ/४ आणि आयएसओ २०० ते ४००. त्याहून जवळ आलं तर एफ/११. गडगडाट ऐकू येऊ लागला की मात्र तुम्ही घरात किंवा गाडीतच असायला हवं. विजेची रेषा जाड, पांढरीफटक आणि कडा विरघळल्यासारखी आली तर अ‍ॅपर्चर एक पायरी बंद करा, म्हणजे एफचा आकडा वाढवा. केसासारखी बारीक आणि जांभळट आली तर उघडा.

मग शटर. वीज नसताना एक फोटो काढून बघा. आभाळ गडद निळसर-राखाडी दिसावं, क्षितिजावरची झाडं-घरं ओळखू यावीत. गावाबाहेर त्याला वीस-तीस सेकंद लागतात. पुण्या-मुंबईच्या उजेडात पाच-सहा सेकंदांतच आभाळ नारिंगी होतं. विजा दर दोन-तीन सेकंदांनी चमकत असतील तर अंधार असला तरी वेळ चार ते आठ सेकंदांवर आणा. नाहीतर एकाच फोटोत दहा चमकांचा उजेड साठून ढग पांढरा पडतो आणि चांगली रेषा त्यात बुडते. वादळाच्या मध्यात लाइट गेली तर समोरची जमीन एकदम काळी पडते, तेव्हा वेळ वाढवायची आठवण ठेवा. शहरात लाइट जाणं हे एरवी वैतागाचं, पण अशा रात्री आभाळावरचा नारिंगी थर निघून जातो तेव्हा महावितरणचे आभार मानावेसे वाटतात.

फोकस हाच सगळ्यात जास्त फोटो खराब करतो. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर रिंग नेऊन ठेवली म्हणजे झालं, असं नसतं. बऱ्याच लेन्स त्या खुणेच्या जरा अलीकडे स्पष्ट दिसतात. लाइव्ह व्ह्यू चालू करा, लांबचा एखादा दिवा, मोबाइल टॉवरचा लाल दिवा उत्तम, पडद्यावर दहापट मोठा करा आणि हाताने रिंग फिरवत तो बारीकात बारीक ठिपका होईल तिथे थांबा. लेन्सचा स्विच मॅन्युअलवर आहे ना ते बघा, रिंगवर चिकटपट्टी लावा. झूम हलवलं की फोकस पुन्हा करायचा.

तीन गोष्टी बंद करा. लेन्स किंवा कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन, कारण ट्रायपॉडवर ते उगाच थरथरतं. ऑटो व्हाइट बॅलन्स, कारण प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येतो. ४००० केल्विनच्या आसपास ठरवून टाका, रॉमध्ये नंतर बदलता येतो. आणि लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन. हे चालू राहिलं तर पंधरा सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी पंधरा सेकंद स्वतःशीच काम करत बसतो, आणि नेमकी मोठी वीज तेव्हा पडते.

शेवटी ड्राइव्ह मोड कंटिन्युअस करा, रिमोटचं बटण अडकवा. आता कॅमेरा एकामागून एक फोटो घेत राहील आणि तुमचे डोळे आभाळाकडे मोकळे राहतील.

चौकटीत काय घ्यायचं

नवखे लोक फार रुंद काढतात. वळवाच्या ढगाचा तळ जमिनीपासून साधारण दोन किलोमीटरवर असतो. वादळ वीस किलोमीटरवर असेल, तर ढगापासून जमिनीपर्यंतची पूर्ण वीज आभाळात सहा अंश उंच दिसते: हात लांब केला तर जेमतेम चार बोटं. किट लेन्स १८ मिलिमीटरवर ठेवून काढलं तर ती चौकटीच्या आठव्या भागात मावते आणि घरी आल्यावर वाटतं, एवढी मोठी वीज गेली कुठे? छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३५ ते ५० मिलिमीटर लावा. तेच वादळ दहा किलोमीटरवर असेल तर वीज अकरा अंशांची, म्हणजे लांब केलेल्या हाताच्या मुठीएवढी होते.

उलट, अख्खा ढग हवा असेल तर गणित बदलतं. उंच वादळी ढग बारा-पंधरा किलोमीटर चढतो; तीस किलोमीटरवरून तो वीस-पंचवीस अंश उंच दिसतो. तेव्हा कॅमेरा उभा करा, १८ ते २४ मिलिमीटर लावा. ढगातल्या ढगात चमकणाऱ्या विजा, आणि बहुतेक विजा त्याच असतात, अशा वेळी आतून ढगाचा आकार उजळवतात. जमिनीवर पडणाऱ्या विजेचाच हट्ट धरणाऱ्यांना हे फोटो दिसत नाहीत.

खाली जमिनीचा पट्टा थोडा ठेवा. एक झाड, पाण्याची टाकी, दिवे लागलेलं गाव. वीज केवढी आहे ते त्याशिवाय कळत नाही. क्षितिज सरळ आहे ना ते उजेड असतानाच बघा.

सूर्य मावळल्यानंतरची वीस-तीस मिनिटं सगळ्यात चांगली. मेमध्ये पुण्यात साडेसातच्या आसपास आभाळात निळा उजेड उरलेला असतो, ढगाला घडण दिसते, आणि शटर आठ-दहा सेकंद उघडं ठेवण्याइतका अंधारही झालेला असतो. त्यानंतर आणखी एक संधी असते, जी बरेच जण घरी परतताना सोडून देतात: वादळ पुढे निघून गेल्यावर त्याची पाठ. हवा धुतलेली, पाऊस थांबलेला, डोक्यावर चांदणं, आणि वादळ दर मिनिटाला लांब चाललेलं. तीस मिनिटांचा नियम पाळून बाहेर पडलात तरी ते वीस-पंचवीस किलोमीटरवर सापडतं. माझ्या लेखी सगळ्या रात्रीतला हा पाऊण तास पहिल्या नंबरचा.

विजेचा आकार कसा येईल, याचं चित्र डोक्यात घेऊन जाऊ नका. वीज म्हणजे इंग्रजी झेड अक्षरासारखी तुटक, टोकदार रेघ, असंच चित्रकार पूर्वी काढत. विद्युत मंडळाच्या धोक्याच्या पाट्यांवर ती अजून तशीच आहे. फिलाडेल्फियात १८८२ मध्ये विल्यम जेनिंग्ज यांनी विजेचे फोटो काढले, तेव्हा कागदावर उमटली ती वळणं घेत, फांद्या फोडत जाणारी रेषा.

फ्लॅटमधून काढताना

सगळ्यांकडे गाडी आणि माळरान नसतं. सातव्या मजल्यावरच्या खिडकीतूनही उत्तम फोटो निघतात, आणि वादळ जवळ आल्यावर तीच एक योग्य जागा आहे. अडचण दोनच: ग्रिल आणि काच.

ग्रिलच्या दोन गजांमधून लेन्स पुरेशी बाहेर डोकावेल असा ट्रायपॉड लावा. गज चौकटीत आलाच तर धूसर पट्टा दिसतो, अ‍ॅपर्चर एफ/५.६ ठेवलं तर तो निदान विरघळतो, एफ/११ वर स्पष्ट होतो. वादळ डोक्यावर असताना ग्रिलला, खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीला हात लावायचा नाही, ट्रायपॉडही टेकवायचा नाही. तेव्हा काच बंद. काच आतून-बाहेरून आधीच पुसलेली हवी. खोलीतले सगळे दिवे, टीव्ही, राउटरचे लुकलुकणारे ठिपकेसुद्धा बंद किंवा झाकलेले. लेन्सचं हूड काचेजवळ आणून भोवती काळं कापड गुंडाळलं की प्रतिबिंब जातं. कॅमेरा किंवा मोबाइल चार्जिंगला लावून हातात धरू नका, कारण वीज घरात शिरते ती तारांमधून.

मोबाइलवर

बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या प्रो मोडमध्ये शटर दहा ते तीस सेकंदांपर्यंत जातं. छोट्या ट्रायपॉडवर फोन लावा, आयएसओ ५० किंवा १००, फोकस हाताने अनंतावर, दोन सेकंदांचा टायमर. फोनचं अ‍ॅपर्चर बदलत नाही, म्हणून जवळची वीज पांढरी फुटणार. लांबच्या वादळावर फोन जास्त चांगला चालतो.

प्रो मोड नसेल तर फोरके व्हिडिओ काढा, पडद्यावर बोट दाबून उजेड आणि फोकस लॉक करा, नंतर हवा तो क्षण थांबवून चित्र काढून घ्या. असं चित्र सुमारे आठ मेगापिक्सेलचं असतं. काही चित्रांत वरचा अर्धा भाग लखलखीत आणि खालचा काळा दिसेल. फोन बिघडलेला नाही. सेन्सर ओळी-ओळींनी वाचला जातो आणि वीज मध्येच चमकून जाते, त्याचा तो परिणाम.

घरी आल्यावर

चारशे फोटोंमध्ये कामाचे आठ-दहा निघाले तर रात्र चांगली गेली. रिकामे फोटो त्याच रात्री झोपेत उडवू नका. छोट्या पडद्यावर न दिसलेल्या बारीक विजा दुसऱ्या दिवशी सापडतात.

रॉ फाइलवर फार काही करावं लागत नाही. हायलाइट (सगळ्यात उजळ भाग) खाली आणा म्हणजे रेषेच्या मधला फुटलेला भाग सावरतो. रंग थोडा थंड करा. क्लॅरिटी (बारकावे ठळक करणं) आणि डीहेझ (धूसरपणा काढणं) जरा बेतानं, ते जास्त झालं की ढग काळ्या कापसासारखे दिसतात.

वेगवेगळ्या फोटोंतल्या विजा एकाच चौकटीत आणता येतात. ट्रायपॉड हलला नसेल तर ते फोटो एकावर एक ठेवून ब्लेंड मोड ‘लायटन’ करायचा. फोटोशॉप, मोफत मिळणारं जिम्प किंवा स्टारस्टॅक्स, कशातही होतं. एका तासातल्या दहा विजा मग एकाच वेळी पडल्यासारख्या दिसतात. असं करायला हरकत काहीच नाही, पण फोटोखाली ‘इतक्या वेळातले इतके फोटो एकत्र केले आहेत’ असं लिहा. न लिहिता टाकलेला असा फोटो पुढे बातमीत जातो, ‘काल रात्री शहरावर एकाच क्षणी दहा विजा’ म्हणून.

प्रत्येक चांगल्या फोटोसोबत वेळ, तुमची जागा, कॅमेऱ्याची दिशा आणि तेव्हाचं वादळाचं अंतर एका वहीत टिपून ठेवा. एका हंगामात स्वतःचा तक्ता तयार होतो: कुठल्या अंतराला कुठलं अ‍ॅपर्चर बरोबर बसलं, तुमच्या गावावर वादळं कुठल्या बाजूने येतात, कुठल्या जागेचं क्षितिज उपयोगी पडलं.

आणि कॅमेरा ओल्या बॅगेत तसाच ठेवून झोपू नका. पुसून, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवून मगच हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत, आणि ती काढायचा खर्च किट लेन्सच्या किमतीएवढा होऊ शकतो. जेलच्या मण्यांचा रंग बदलला की त्यांनी ओल शोषून झाली असं समजा. मंद आचेवर तव्यात परतले की ते पुन्हा वापरता येतात.